एकतीस मण्यांचा रस्ता

"रस्ता ओलांडताना अर्नेस्टला एकट्याला सोडू नकोस, मॉनिका. तो उजवीकडे नीट बघतो आणि डावीकडून कुणी येणारच नाही असं धरून चालतो. छप्पन वर्षं त्याची डावी बाजू मी सांभाळलीय."

विनीने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी चर्चमध्ये वेदीसमोरची फुलं लावत होतो. तिच्या हातात शेवंतीची जुडी होती आणि ती कुठल्या फुलदाणीत ठेवायची ते तिला आठवत नव्हतं. महिन्याभरापूर्वीच डॉक्टरांनी तिच्या विसरण्याला नाव दिलं होतं. "मी विसरायच्या आत सांगून ठेवते," ती म्हणाली. मी ओल्या हातानेच तिचा हात धरला आणि हो म्हटलं. देवाच्या दारात दिलेला शब्द तो. तेव्हापासून चार वाजता मी दुसरं कुठलंही काम घेत नाही.

विनी आता आमच्या चॅपल लेनच्या पलीकडच्या बाजूला, हॉलिन हाऊस नावाच्या वृद्धाश्रमात असते. अर्नेस्ट आणि मी अलीकडे. त्याचं घर बावीस नंबर, माझं चोवीस. रोज चारला तो फ्लास्कमध्ये चहा आणि लोणी लावलेला माल्टचा गोड पाव घेऊन निघतो. नवरा म्हणून विनी त्याला आता ओळखत नाही. "चहावाले गृहस्थ आले," म्हणते आणि केस सारखे करते. पण चहा पिते ती त्याच्याच हातून. नर्सांनी सगळे उपाय करून पाहिले, कप बदलला, साखर वाढवली, एकीने तर अर्नेस्टची टोपी घालून पाहिली. विनीने कप बाजूला सारला. उन्हाळ्यात अर्नेस्ट खोकल्याने चार दिवस अंथरुणाला खिळला, तर पाचव्या दिवशी तिला सलाईन लावायला हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्या फ्लास्कवर काय अवलंबून आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कौन्सिलला सोडून.

वसंतात कौन्सिलने शेजारच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या दोन्ही तोंडांशी फुलझाडांच्या मोठाल्या लाकडी पेट्या आणून ठेवल्या. गाड्यांनी गल्लीबोळांतून घुसू नये म्हणून. प्रयोग आहे, म्हणाले. प्रयोग वाईट नव्हता. तिथली माणसं आता दारात खुर्च्या टाकून बसतात आणि मला त्यांचा आनंदच आहे. पण एक मोरी बुजवली की पाणी दुसरीकडून वाट काढतं. ज्या गाड्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरून जायच्या त्या सगळ्या चॅपल लेनमधून जायला लागल्या. चारला बिस्किटांच्या कारखान्याची पाळी सुटते, त्याच सुमाराला शाळेतून मुलांना घेऊन आया परततात. आणि त्याच वेळी फुटपाथच्या कडेला आम्ही दोघं, हातात फ्लास्क घेऊन.

माझा रोज जपमाळेचा नेम आहे. पन्नास वर्षांत तो मोडलेला नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. पूर्वी साडेतीनला मारियेच्या मूर्तीपुढे बसून करायचे. थांबणं वाढलं तशी मी माळ कोटाच्या खिशात ठेवायला लागले, आणि अर्नेस्टच्या डाव्या बाजूला उभी राहून तिथेच जप सुरू करायला लागले. त्याची पावलं लहान पडतात. रस्ता ओलांडायला त्याला पंधरा सेकंद मोकळे लागतात. आधी दोन-तीन 'नमो मारिया' झाल्या की वाट मिळायची. मे महिन्यात बारा व्हायला लागल्या. जूनमध्ये एकोणीस.

माझी एक छोटी वही आहे. आजचा जप कुणासाठी केला त्याचं नाव मी रोज तीत लिहिते. विनीच्या नावापुढे मी त्या दिवसाचा आकडाही लिहायला लागले. तक्रार म्हणून नाही. देवाला आकडा माहीतच असतो. माझ्याच लक्षात राहावा, एवढ्यासाठी.

सप्टेंबरात कौन्सिलने आमचं मत मागितलं. लायब्ररीत नकाशा लावला होता, बशीत बिस्किटं होती, आणि कौन्सिलच्या मिस ट्रँटर नावाच्या बाई नकाशावर चिकटवायला रंगीत टिकल्या देत होत्या. हिरवी म्हणजे आवडलं, पिवळी म्हणजे थोडी सुधारणा हवी, लाल म्हणजे नको. मी, अर्नेस्ट आणि तेवीस नंबरची डोरीन एन्टविसल असे आम्ही सकाळीच गेलो. डोरीन सगळ्यांनाच 'राजा' म्हणते. रागावली की जास्तच म्हणते.

"लाल टिकल्या कुठायत?" तिने विचारलं.

"लाल संपल्यात," मिस ट्रँटर म्हणाल्या. "पिवळी चालेल का?"

"राजा, दहाला उघडलंत, आता दहा वाजून दहा मिनिटं झाली. आणल्या होत्यात किती?"

मिस ट्रँटरनी टेबलाकडे बघितलं. "एक पान."

"आणि हिरव्या?"

"हिरव्या... सहा पानं आहेत."

"मग बागच करा की, राजा."

फॉर्मही तसाच. पेट्या लाकडी आवडतील की लोखंडी? त्यांत कुठली फुलं लावावीत? व्हिक्टोरिया स्ट्रीट आता किती प्रसन्न वाटते: खूप, बऱ्यापैकी, की सांगता येत नाही?

"'डोकं फिरतं' असा रकाना नाही का?" डोरीनने विचारलं.

"फुलं मात्र छान आहेत हं," अर्नेस्ट म्हणाला. मनापासून म्हणाला तो.

"अर्नेस्ट, तू गप्प बस. तुला चिरडणाऱ्या गाडीचा रंगही आवडेल."

चॅपल लेनचं नाव अख्ख्या फॉर्मात नव्हतं. फक्त शेवटी तीन ओळींची एक चौकट होती, 'आणखी काही सांगायचं आहे का?' अशी. आमच्या गल्लीत त्रेचाळीस घरं. त्रेचाळिसांनी त्या चौकटीत लिहिलं. आम्हाला झेब्रा क्रॉसिंग हवं होतं. डांबरावर पांढरे पट्टे आणि दोन्ही टोकांना पिवळे दिवे, एवढंच. डोरीनच्या अक्षरांनी तर चौकट ओलांडून समास गाठला. परतताना ती म्हणाली, "आता बघ. त्रेचाळीस म्हणजे थट्टा नाही."

ऑक्टोबरच्या शेवटी रस्त्यावर रबराच्या दोन काळ्या नळ्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. वरून गाड्या गेल्या की आपोआप मोजणी होते म्हणे. आठवड्याने त्या गेल्या.

सहा नोव्हेंबरला एकतीस 'नमो मारिया' झाल्या. मी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

आणि त्याच्या पुढच्या बुधवारी मी शब्दाला चुकले. एका अंत्यविधीची प्रार्थना लांबली. मी अर्नेस्टला सांगून गेले होते, माझ्यासाठी थांब म्हणून. पण घड्याळात चार वाजले की अर्नेस्टला थांबता येत नाही. पाय आपोआप निघतात. तो अर्ध्या रस्त्यात असताना डावीकडून व्हॅन आली. व्हॅनवाल्याने ब्रेक दाबला, हॉर्नवर हात ठेवला, अर्नेस्ट दचकून मागे सरला आणि पडला. हाताला खरचटण्यावर निभावलं. फ्लास्क मात्र फुटला.

मी धावत पोचले तेव्हा तो स्वतःच्या स्वयंपाकघरात ओली बाही घेऊन बसला होता.

"डावीकडूनच आली गं," तो म्हणाला. "विनी सांगायचीच."

त्या संध्याकाळी विनी कशाचाही घोट घेईना.

दुसऱ्या दिवशी प्रेस्टनहून अर्नेस्टची मुलगी जॅनेट आली. जॅनेट भली मुलगी आहे, तिला दोष देऊ नये. तिने बापाचा हात पाहिला आणि म्हणाली, "बाबा, बस झालं. तुम्ही माझ्याकडे राहायला चला. दर रविवारी मी गाडीने आईकडे आणीन."

"आणि सोमवार ते शनिवार ती काय पिणार?"

मला बाजूला घेऊन जॅनेट रडली. "मॉनिका आंटी, मी दोघांनाही एकाच वर्षात घालवू का? क्रॉसिंग झालं तर ठेवते त्यांना इथे. नाहीतर नाताळच्या आधी नेते."

आणखी आठवड्याने आमच्या दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नोटीस बांधलेली दिसली. डोरीनने चष्मा पुसून ती गल्लीला ऐकू जाईल अशी वाचली. "रहिवाशांच्या त्रेचाळीस लेखी मतांपैकी एकोणचाळीस योजनेला अनुकूल आहेत. चॅपल लेनवर रस्ता ओलांडण्यासाठी सरासरी सहा सेकंद थांबावं लागतं. क्रॉसिंगची गरज सिद्ध होत नाही. योजना कायम करण्याबाबतचा निर्णय चार डिसेंबरला, गुरुवारी, कमिटी घेईल."

वाचून झाल्यावर तिने ती पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. डोरीन! मग म्हणाली, "एकोणचाळीस? आपल्या गल्लीत एकोणचाळीस फितूर?"

त्या आठवड्यात चॅपल लेनवर कुणी कुणाकडे सरळ बघत नव्हतं. डोरीनचा संशय नऊ नंबरवाल्यांवर होता. त्यांनी नुकतेच नवे पडदे लावले होते, आणि नवे पडदे लावणारी माणसं, डोरीनच्या मते, कशालाही हो म्हणतात.

मी ठरवलं, ती मतं आपण डोळ्यांनी बघायची. डोरीन बरोबर येते म्हणाली.

"तू खिडकीत बस," मी म्हटलं, "आणि नऊ नंबरवर नजर ठेव."

मिस ट्रँटर टाऊन हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर बसतात. मला बघून त्यांचा चेहरा पडला, पण खुर्ची त्यांनी लगेच पुढे केली.

"खरं सांगू, मिसेस कॅटरॉल? मलाही नवल वाटलं. लायब्ररीत तुमची माणसं एवढी तापलेली, आणि कागदावर बघावं तर आभारच आभार."

त्यांनी यादी माझ्यापुढे ठेवली. डावीकडे मत, उजवीकडे शेरा. सगळ्यात वर माझंच होतं. 'तुम्ही घेत असलेल्या कष्टांबद्दल देव तुमचं भलं करो.' पुढे शेरा: अनुकूल. त्याखाली अर्नेस्ट. 'फुलं फार सुंदर आहेत, मनापासून आभार.' अनुकूल. मी बोट फिरवत खाली गेले. नऊ नंबर, चौदा नंबर, हॉलिन हाऊसच्या समोरचे दोघे भाऊ. आभार, कौतुक, शुभेच्छा. तेवीस नंबरपाशी माझं बोट थांबलं. 'सर्वप्रथम, मत मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी आपली ऋणी आहे.' अनुकूल.

मला हसू आवरेना. मिस ट्रँटर घाबरल्या.

"पुढचं कुठे आहे?" मी विचारलं.

"पुढचं म्हणजे?"

"हे प्रत्येकाचं पहिलंच वाक्य आहे, बाळ. पहिल्या वाक्यात आम्ही आभार मानतो. खरं काय ते दुसऱ्यात असतं. कधी कधी तिसऱ्यात."

त्यांनी यादी परत स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, "वर्गवारीचं काम बाहेर दिलं होतं. त्यांना वेळ कमी होता. पहिल्या वाक्यावरून..." आणि बोलता बोलताच उठल्या. मूळ कागदांचा खोका आणला. अर्नेस्टचा फॉर्म काढून मोठ्याने वाचला. "फुलं फार सुंदर आहेत, मनापासून आभार. आमचं तसं बरं चाललंय. फक्त, फार तसदी पडणार नसेल, तर एक क्रॉसिंग मिळालं तर बरं होईल. बायकोला चहा द्यायला जायचं असतं."

कागद त्यांनी हळूच खाली ठेवला. "माझी आजी अशीच होती," त्या म्हणाल्या. "खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि नर्सला आधी म्हणते, तुझे केस किती छान आहेत गं."

"आणि ते सहा सेकंद?"

"नळ्यांची मोजणी. सत्तावीस ऑक्टोबरचा आठवडा."

"त्या आठवड्यात शाळेला सुट्टी असते. आणि कारखाना यंत्रांच्या दुरुस्तीसाठी बंद होता. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात मांजरं रस्त्यात झोपतात."

मिस ट्रँटरनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "कागद मी पुन्हा वाचते. सगळे. स्वतः. पण मोजणी गुरुवारच्या आत परत होणार नाही, आणि अध्यक्ष मिस्टर हॉल्डन आकड्यांवर जातात. तुमच्याकडे दुसरी काही मोजणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "एप्रिलपासूनची."

कमिटीपुढे बोलायचं असेल तर आधी नाव द्यावं लागतं. मी दिलं. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, मग घंटा.

घरी येऊन डोरीनला सांगितलं. ती आधी मानेना. मग मी तिला तिचं वाक्य म्हणून दाखवलं. ती कानापर्यंत लाल झाली.

"अगं, ते सभ्यपणाचं असतं! ते काय खरं असतं होय?"

"ते बाहेरच्यांना कसं कळणार?"

"कळायला नको? लहानपणी आया शिकवत नाहीत का?" ती बराच वेळ धुसफुसत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नऊ नंबरला केक पाठवायला हवा. आठवडाभर मी त्यांना गुड मॉर्निंग केलं नाहीये. आणि पडदे तसे बरे आहेत."

गुरुवारी सकाळी साडेदहाला आम्ही टाऊन हॉलमध्ये होतो. गल्लीतली तीसेक माणसं, नवा फ्लास्क मांडीवर घेतलेला अर्नेस्ट, आणि सगळ्यात मागे, कोट न काढता बसलेली जॅनेट. पुढे कमिटीचे नऊ जण. मधोमध मिस्टर हॉल्डन, त्यांच्या हाताशी पितळी घंटा.

सुरुवातीलाच मिस ट्रँटर उठल्या. शब्द स्पष्ट होते. "अध्यक्षसाहेब, अहवालात दुरुस्ती आहे. मी त्रेचाळीस मतं शेवटपर्यंत वाचली. त्यांपैकी एकेचाळिसांनी चॅपल लेनवर क्रॉसिंग मागितलं आहे. पहिल्या अहवालातली चूक आमची आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मिस्टर हॉल्डननी घंटेला बोट लावलं. "आभारी आहे. पण मागणं वेगळं आणि गरज वेगळी. मोजणी सहा सेकंद म्हणते. सहा सेकंदांसाठी कौन्सिल रस्ते खोदत नाही. मिसेस कॅटरॉल, बोला."

मी उभी राहिले.

"अध्यक्षसाहेब, या वेळी मी आभारांनी सुरुवात करणार नाही." मागे कुणीतरी श्वास ओढला. "पहिल्याच वाक्यात सांगते. आम्हाला क्रॉसिंग हवं आहे."

"जरा मोठ्याने बोलाल का?" कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले.

"माझा आवाज एवढाच आहे. तुम्ही जरा शांत बसलात तर पोचेल."

ते बसले.

"हे अर्नेस्ट फेअरक्लफ. वय सत्त्याऐंशी. रस्ता ओलांडायला त्यांना पंधरा सेकंद लागतात, आणि पलीकडे त्यांची बायको आहे, ती दुसऱ्या कुणाच्या हातून पीत नाही. शाळा आणि कारखाना दोन्ही बंद असताना तुमच्या नळ्यांनी मोजलं. मी रोज चारला मोजलं, माळेवर. सगळे आकडे या वहीत आहेत, हवी तर ठेवून घ्या, माझ्याकडे दुसरी आहे. सहा नोव्हेंबरला आम्ही फुटपाथवर उभे राहिल्यापासून रस्ता मोकळा होईपर्यंत माझे जेवढे जप झाले, तेवढेच मी आता करते. त्याच गतीने, मनातल्या मनात. रस्ता मोकळा झाला की सांगेन."

मी खिशातून माळ काढली आणि पहिला मणी धरला.

हॉल एवढा शांत झाला की तो तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळांची टिकटिक ऐकू यायला लागली. दुसऱ्या मण्याला कुणीतरी खोकलं. चौथ्याला कमिटीतल्या एका बाईंनी कपात चमचा फिरवायला घेतला आणि मध्येच थांबवला. सहाव्याला मागे खुर्ची सरकली. मी वळून पाहिलं नाही, पण कोण ते मला कळलं. अर्नेस्ट उभा राहिला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. फ्लास्क छातीशी धरून, फुटपाथवर उभा राहतो तसा. दहा झाले. अकरा. मिस्टर हॉल्डननी घड्याळाकडे बघितलं, मग अर्नेस्टकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. मला घाई नव्हती. मला जपाची कधीच घाई नसते. पंधरा. सोळा. कुणीतरी पाय बदलला, बाक करकरला.

घंटा वाजली.

"वेळ संपली, मिसेस कॅटरॉल."

"अठरा झाले," मी म्हटलं. "एकतीस व्हायचेत. अर्नेस्ट अजून फुटपाथवरच आहे."

आणि मी खाली बसले.

मिस्टर हॉल्डन घंटा बाजूला सारून म्हणाले, "बसा ना, मिस्टर फेअरक्लफ."

"नको, आभारी आहे," अर्नेस्ट म्हणाला. "मला सवय आहे."

चमचा थांबवलेल्या बाईंनी ठराव मांडला. योजना कायम करण्याआधी चॅपल लेनवर झेब्रा क्रॉसिंग करायचं, ईस्टरच्या आत. आणि मोजणी पुन्हा घ्यायची, शाळा चालू असताना. एकाने पेट्यांचं काय होणार म्हणून विचारलं. अर्नेस्ट उभ्या उभ्याच म्हणाला, पेट्या राहू द्या, फुलं छान आहेत. सहा हात वर आले, तीन खाली राहिले. सहावा हात मिस्टर हॉल्डनचा होता. डोरीनने एवढ्या जोराने टाळ्या वाजवल्या की त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. "वाजवा, राजा, वाजवा," ती म्हणाली, "आज ती कानाला गोड लागतेय."

दारात जॅनेटने बापाच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "ठीक आहे, बाबा. इथेच राहा. पण पट्टे होईपर्यंत मॉनिका आंटी बरोबर असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. चार वाजू देत, नाहीतर साडेचार."

"नाही टाकत," अर्नेस्ट म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. माझा शब्द आधीच दिलेला होता.

शुक्रवारी दुपारी डोरीनने गल्लीला घरी बोलावलं. कणकेच्या पारीत मटण भरून भाजलेली 'पाय' केली होती, आणि शुक्रवारी मी मांस खात नाही म्हणून माझ्यापुरती चीज-कांद्याची वेगळी, वर कणकेचा छोटा क्रूस लावून. नऊ नंबरची दोघंही आली होती. डोरीनने त्यांना चांगली खुर्ची दिली आणि पडद्यांचं कापड कुठून आणलं ते विचारलं. मग शेरीचा पेला उंचावून ती गल्लीचा विजय सांगायला लागली. तिच्या पहिल्या सांगण्यात मिस्टर हॉल्डननी एकदा घाम पुसला होता. दुसऱ्यांदा सांगताना दोनदा पुसला.

अर्नेस्ट साडेतीनलाच फ्लास्क भरायला घरी गेला होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर शाळेकडून पहिल्या गाड्या यायला लागल्या होत्या. ठराव झाला तरी तो अजून कागदावरच होता, रस्त्यावर पांढरा पट्टा पडायला चार महिने होते. मी पेला बशीशेजारी ठेवला. कोटाच्या खिशात माळ आहे का ते चाचपून पाहिलं, डोरीनचं बोलणं मध्येच तुटू नये म्हणून दार हलकेच ओढून घेतलं, आणि बावीस नंबरच्या फाटकाकडे निघाले.